सीटला तेल लावलं आणि वर जोतिबाचा गुलाल चढला

आमच्या घरात चामडं म्हटलं की तेल. नवं कोल्हापुरी पायताण आणलं की अण्णा ते दोन दिवस पायात घालत नाहीत, बोटावर एरंडेल घेऊन निवांत चोळत बसतात, पट्टे, अंगठा, तळ, सगळं, आणि मग ते पायताण असं मऊ पडतंय की चावायचं नावच काढत नाही. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं, बैलाच्या पट्ट्यांनाही केलं. त्यामुळं गेल्या चैत्रात एका दुपारी मी ऑफिसात असताना अण्णांनी माझ्या गाडीच्या पाचही लेदर सीटांना पाव बाटली खोबरेल पाजलं, यात त्यांचा दोष मी आजही धरत नाही. म्हणजे त्या दिवशी धरला होता, भरपूर धरला होता, पण नंतर मी स्वतः जो शहाणपणा केला तो बघता मला बोलायला तोंड राहिलं नाही.

गाडी दिवाळीत घेतलेली, सेकंड हँड, ७२ हजार किलोमीटर फिरलेली सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही कारण यात कंपनीचा काही संबंध नाही. आतून बेज रंगाच्या लेदर सीटा होत्या आणि खरं सांगायचं तर मी त्या सीटांवरच भाळलो होतो, इंजिन नंतर ऐकलं. तेव्हाच ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या उंचवट्यावर, म्हणजे आपण उतरताना मांडी जिथं घासतो तिथं, बारीक बारीक तडे होते, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल तडकतो तसे. पुढच्या डाव्या सीटवर जीन्सची निळसर झाक होती. आणि घेतल्यावर दोन महिन्यांत आमच्या काकांनी शेतावरनं येताना पिशवीत खुरपं ठेवून ती पिशवी मागच्या सीटवर टेकवली, ब्रेक मारला आणि टर्रकन चार सेंटिमीटरचा कट. काका म्हणाले, "शिवून टाकू की, पोतं शिवायची सुई हाय घरात." मी सुई लपवून ठेवली.

तर अण्णांनी ते तडे बघितले आणि त्यांना वाटलं चामडं तहानलंय. "अरं तेलाबिगर चामडं जगतंय व्हय? पार वाळून कोळ झालंय तुझं सीट." संध्याकाळी मी दार उघडलं तर आत खोबरेलाचा वास, सीटा चकचकीत, नव्यासारख्या. मलापण आवडल्या की! फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी बसलो तर पँटच्या मागं दोन डाग आणि तिसऱ्या दिवशी त्या सीटवर धूळ अशी बसली होती की बोटानं नाव लिहावं.

आणि त्याच आठवड्यात चैत्री यात्रा. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला कधी गेला असाल तर सांगायला नको, सासनकाठ्या नाचतायत आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण, माणूस खाली उतरतो तो केसापासून नखापर्यंत गुलाबी होऊन. आम्ही पाचजण होतो. घामानं भिजलेले, अंगभर गुलाल, हातात दवणा, आणि तसेच गाडीत बसलो कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एरवी कोरड्या सीटवर गुलाल पडला असता तर झटकून निम्मा गेला असता. पण ही सीट तेल प्यालेली. सकाळी बघतो तर मागची अख्खी सीट तिघांच्या बैठकीच्या आकारात गुलाबी. तेल लावून अंगाला उटणं चोळावं तसा गुलाल चोळून बसला होता. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर डाग गेला नाही, मोठा झाला.

आता माझा शहाणपणा. गेटला रंग मारून उरलेला थिनर घरात होता. पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर थोडा घेतला आणि पुढच्या सीटच्या कडेला घासलं, फडकं तपकिरी-पिवळं झालं. मी खूश, काय मळ निघतोय राव! अजून घासलं. अजून निघाला. हातभर जागा घासून झाल्यावर लक्षात आलं की खालून फिकट राखाडी काहीतरी दिसायला लागलंय आणि फडक्यावर आहे तो मळ नाही, सीटचा रंग आहे. मी खाली बसलो तिथंच, अंगणात.

मग दुकानं फिरणं सुरू झालं. गाड्या आतून-बाहेरून साफ करून चकाचक करणाऱ्या एका डिटेलिंगवाल्यानं सगळ्या सीटा रंगवायचे २२ हजार सांगितले, पण तेलाचं काय करणार विचारलं तर "होऊन जाईल सर" एवढंच, आणि जो माणूस "होऊन जाईल" म्हणतो त्याच्याकडनं काहीच होत नाही हा माझा अनुभव. दुसरीकडं एकानं आत डोकावूनसुद्धा न बघता रेक्झिनची कव्हरं घाला म्हणून सांगितलं, आठ हजारात विषय संपला. तसं बघितलं तर ते काही वाईट नव्हतं, पण लेदर झाकायला रेक्झिन हे जिवावर आलं.

आमच्या अण्णांच्या ओळखीचे एक कारागीर आहेत, कोल्हापूरच्या चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, त्यांचा माल जातो, स्वतः घरी बसून पायताणं बनवतात. अण्णाच म्हणाले त्यांना दाखवू, चामड्यातलं माणूस हाय. मला वाटलं हे पण तेलच सांगणार. म्हातारा माणूस, गाडीत वाकून आधी वास घेतला, मग अंगठ्याच्या नखानं कडेला हलकं खरवडलं, मग हातातलं अर्धवट झालेलं पायताण माझ्यापुढं धरलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब बघता बघता आत गेला, काळा डाग पडला. मग तसाच थेंब सीटवर टाकला. तो मोत्यासारखा तिथंच उभा राहिला. म्हणाले, "पावणं, आमचं चामडं बाभळीच्या सालीत आन हिरड्यात कमावलेलं, उघडं असतंय, तेल पितंय. ह्याच्यावर रंगाचं कातडं चढवलंय. तुमी चामड्याला हात लावतच न्हाई, रंगाला लावताय. रंग कुठं तेल पितोय?"

अण्णा काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत काचेतनं बाहेर बघत होते.

हे एक वाक्य कळल्यावर बाकीचं सगळं सरळ होत गेलं, म्हणून जरा नीट सांगतो. गाडीतलं लेदर बहुतेक करून क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्याच्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा एक पारदर्शक थर असतो. बोटाला जे लागतं ते हे वरचं. ते चिरत नाही तोवर खालच्या चामड्याला तुमचं कंडिशनर, तेल, साय काही म्हणजे काही पोचत नाही. आणि जिथं चिरलंय तिथं मात्र तेल आत घुसतं आणि मग वर ना फिलर (भेगा भरायचा लेप) धरत ना रंग. म्हणजे जिथं लावून उपयोग नाही तिथं नुसतं वर बसतं आणि जिथं आत जातं तिथं वाट लावतं. शू पॉलिशचंही तेच, दोन दिवस झकास आणि मग पांढऱ्या झब्ब्यावर. सिलिकॉनचे चमकवायचे स्प्रे तर अजून वाईट, ते एकदा मारले की नंतर रंग त्यावर माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फुटतो. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, भांड्याची पावडर, काचेचं निळं पाणी, यातलं काही नको. चामडं मुळात आम्लधर्मी असतं आणि कपड्याच्या साबणासारख्या क्षारधर्मी गोष्टी त्याला चालत नाहीत.

अजून एक गोष्ट कळली ती मागची सीट उचलल्यावर. मागच्या सीटची बैठक क्लिपवर असते, पुढच्या कडेला दोन्ही हातांनी खटकन वर ओढली की निघते, निदान माझ्या गाडीत तरी. उलटी करून कड सोडवून बघितलं तर मधल्या भागाची मागची बाजू लवदार, चपलेच्या आतल्या बाजूसारखी, आणि कडेच्या पट्ट्यांची मागची बाजू विणलेल्या कापडाची. म्हणजे मधलं तेवढं चामडं आणि कडा रेक्झिनच्या. यात फसवणूक नाही, खूप गाड्यांत असंच असतं, अंग जिथं टेकतं तिथं लेदर आणि बाकी सगळीकडं रेक्झिन. पण मी दिवाळीपासून सगळ्यांना फुल लेदर फुल लेदर म्हणून सांगत फिरत होतो.

पुढच्या सीटा काढायच्या फंदात पडू नका बरं. बऱ्याच गाड्यांत त्यांच्या कुशीत, दाराकडच्या बाजूला, एअरबॅग असते, बारीक शिक्का असतो बघा त्यावर, आणि खाली पिवळ्या रंगाची वायर जाते ती त्याचीच. त्या बाजूची शिवण अशी मुद्दाम केलेली असते की एअरबॅग फुगली की ती फाटावी. त्या शिवणीला पोत्याच्या सुईनं जाड दोऱ्यानं शिवलं किंवा गोंद भरला तर वेळेला पिशवी बाहेरच यायची नाही. कव्हर घालणार असाल तरी त्या बाजूला मोकळी जागा सोडलेलं घ्या, स्वस्तातली कव्हरं सगळं गच्च झाकून टाकतात. माझे तडे नेमके त्याच बाजूला होते, पण शिवणीपासून चार बोटं पुढं, नुसते वरच्या रंगाचे, म्हणून हात लावला. शिवण उसवली असती तर मी गप सर्व्हिस सेंटरला गेलो असतो.

मे महिन्यात एक शनिवार-रविवार आणि पुढचे बरेच दिवस असं काम चाललं. पहिलं काम तेल काढणं आणि तेच सगळ्यात वैतागवाणं. लेदरसाठी मिळतो तो सौम्य क्लीनर घेतला, स्पंजवर घेऊन नुसता फेस करायचा, पाणी नाही, तो फेस मऊ ब्रशनं गोल गोल फिरवायचा आणि ओलसर मायक्रोफायबरनं लगेच उचलायचा. एका वेळी वितभर जागा. एकाच जागी चार-चार वेळा. पहिल्या फेसाचा रंग चहासारखा, दुसऱ्याचा गुलाबी चहासारखा, चौथ्याला कुठं पांढरा. जिथं वरचा थर शाबूत होता तिथला गुलाल असा निघाला की मला रडू यायचं बाकी राहिलं. जीन्सची निळी झाकही बरीचशी गेली. तड्यांमधलं तेल काही निघेना, मग तिथं आईची टाल्कम पावडर दाबून भरली आणि रात्रभर ठेवली, सकाळी ती पिवळट ओलसर गोळा होऊन आली, परत भरली, असं तीन रात्री. तेल सगळं निघतं असं नाही पण थोडंफार तरी ओढून घेते. शेवटी मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन, फक्त जिथं रंग मारायचाय तिथंच, हलक्या हातानं. थिनरच्या मानानं हे गरीब आहे पण तरी जोर लावला तर तेही रंग उचलतं. कोरोनाच्या काळात लोक हाताला सॅनिटायझर लावून स्टिअरिंग धरायचे, त्या स्टिअरिंगचं लेदर कसं चिकट होऊन सोललं ते आठवा.

मग खुरप्याचा कट. याला मला सगळ्यात जास्त भीती होती आणि हेच सगळ्यात मजेचं निघालं. फाटलेलं चामडं नुसतं गोंदानं जोडून चालत नाही कारण बसलं की ते ताणतं, आतून आधार लागतो. जुन्या जीन्सचा तुकडा कापला, कटापेक्षा चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठा, कोपरे गोल केले म्हणजे आत जाताना दुमडत नाही. तो चिमट्यानं कटातनं आत सरकवायचा आणि आत गेल्यावर पसरवायचा, हे म्हणजे बंद पाकिटात बोट घालून आतला कागद सरळ करण्यासारखं, पहिले तीन प्रयत्न फसले. बायको बघत होती, ती म्हणाली सरक, आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं एका मिनिटात तो सपाट करून दिला. मग टूथपिकनं लवचिक राहणारा गोंद दोन्ही ओठांच्या खाली, ओठ जवळ आणून दाबायचे, वर जाड पुस्तक. फेविक्विक नाही हं! ते काचेसारखं कडक होतं आणि शेजारून नवीन फाटतं, हे मी केलं नाही पण काकांनी सुचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडेचे उभे राहिलेले धागे कात्रीनं छाटले, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी वरवर घासलं आणि लेदर फिलर भरला. हा फिलर भिंतीच्या पुट्टीसारखा दिसतो पण वाळल्यावर रबरासारखा वाकतो. पातळ थर द्यायचा, वाळवायचा, परत. मी घाई केली, एकच जाड थर देऊन वरनं हेअर ड्रायर मारला, तर वरनं वाळला आणि आतनं फुगला, पुरीसारखा. खरवडून परत पहिल्यापासून. ड्रायर लांब धरा आणि हलवत राहा, चामडं जास्त तापलं तर आक्रसतं आणि ते परत ताणून येत नाही. असे पाच थर झाले. ड्रायव्हर सीटच्या तड्यांनाही हेच, फक्त तिथं आधार नको, आधी पेपरनं तड्यांच्या उभ्या कडा बसवायच्या आणि मग फिलर अंगठ्यानं चोळून आत. गुळगुळीत झालं की ते लेदर वाटत नाही, प्लास्टिक वाटतं, म्हणून शेवटचा थर अर्धवट ओला असताना सीटच्याच एका चांगल्या भागाचा साचा घेतला होता तो वर दाबला. साचा पन्नास टक्के जमला. लांबून दिसत नाही.

रंगाचं मात्र माझ्या हातनं होणारं नव्हतं. बेज म्हणजे एक रंग असतो असं मला वाटायचं. माझा एक शाळेतला दोस्त शाहूपुरी कुंभार गल्लीत गणपती रंगवतो, जून उजाडला की त्याला जेवायला फुरसत नसते म्हणून मेमध्येच पकडला. एअरब्रश, छोटा कॉम्प्रेसर, सगळं त्याच्याकडं. आल्या आल्या मी तयार करून ठेवलेला रंग बघितला आणि म्हणाला, "भावा, हा कशावरनं जुळवलास?" सीटवरनं. "धुतल्यावर?" आणि मी गप्प, कारण मी तो रंग सीट धुवायच्या आधी जुळवला होता, म्हणजे मळाचा रंग बनवून ठेवला होता. तो हेडरेस्टखालच्या कधी ऊन न बघितलेल्या जागेला कापड लावून बघायला लागला. पाण्यात मिसळणारा लेदरचा पांढरा रंग, त्यात पिवळा ऑकर, तांबड्याचे दोन थेंब, आणि काळा टूथपिकच्या टोकावर. काळ्याचा एक थेंब जास्त पडला की दुप्पट पांढरा ओतावा लागतो आणि मग वाटीची बादली होते. ठिपका लावायचा, वाळवायचा, आणि बाहेर उन्हात नेऊन बघायचा, कारण ओला रंग वेगळा दिसतो, ट्यूबलाइटमध्ये वेगळा. अकराव्या ठिपक्याला तो थांबला. "गणपतीच्या पोटाचा रंग हाय लगा, उगं अवघड करून ठेवलायस."

पहिले दोन हात स्पंजनं थोपटून, रंग खोल बसावा म्हणून, मग एअरब्रशनं फुंकर मारल्यासारखे पातळ पातळ चार. शिवणींना मास्किंग टेप. संध्याकाळी सीट अशी दिसत होती की मी त्याला मिठी मारली.

सकाळी मागची सीट परत गुलाबी.

म्हणजे सगळी नाही, जिथं थर तडकून गुलाल आत गेला होता तिथनं तो रात्रीत वर आला होता, पांढऱ्या भिंतीवर ओल येते तसा. रंग पाण्यातला, गुलालाचा रंगही पाण्यात विरघळणारा, त्यामुळं कितीही हात मारले असते तरी त्यानं डोकं वर काढलंच असतं. दोस्ताला फोन केला, तो हसून हसून मेला, मूर्तीत पण असं होतं म्हणे, खालचा रंग वर फुटतो, मध्ये क्लिअर मारून बंद करायचा. मग हार्डनरवाला, म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळलेला, पारदर्शक थर, पूर्ण वाळवून, त्यावर परत रंग, आणि शेवटी मॅट क्लिअर. मॅटच घ्या, ग्लॉस मारलं की सीट रसवंतीच्या बाकड्यासारखी दिसते. हार्डनर मिसळल्यावर ते काही तासांतच वापरावं लागतं, त्यामुळं आधी चहा पिऊन घ्या आणि मग मिसळा. गाडी चार दिवस दारं किलकिली ठेवून सावलीत उभी, कुणी बसायचं नाही. अण्णा चार दिवस एसटीनं फिरले, स्वतःहून.

सगळा खर्च ४,६०० रुपये, दोस्तानं मजुरी घेतली नाही, तांबडा-पांढरा आणि मटणाची एक थाळी घेतली, दोन थाळ्या.

आता सांभाळायचं म्हणाल तर त्यात फार काही करावं लागत नाही, जुन्या सवयी सोडायच्या एवढंच. आठवड्याला कोरड्या मायक्रोफायबरनं धूळ, कारण धूळ आणि बूड मिळून पॉलिश पेपरच होतो. दोन-तीन महिन्यांनी फेस. त्यानंतर पाण्यातलं हलकं कंडिशनर लावतो, त्यानं चामड्याचं पोट भरत नाही हे आता माहीत आहे, पण पृष्ठभाग जरा निसरडा राहतो, जीन्स घासत नाही, सीट करकरत नाही. नवी जीन्स असेल तर ती आधी दोन धुण्यांतून काढतो. मागच्या खिशात किल्ली ठेवत नाही. आणि उतरताना आधी पाय बाहेर, मग हात दाराच्या चौकटीवर, आणि अंग उचलून उतरायचं, मांडी घासत घसरायचं नाही, या एकट्या सवयीनं ड्रायव्हर सीटचं आयुष्य वाढतंय असं मला वाटतं. हेडरेस्टला पंचा टाकलाय, आमच्याकडं डोक्याला तेल लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत आणि केसातलं तेल आणि घाम तो वरचा थर मऊ करून टाकतात. गावठी दिसतं, दिसू दे.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये उन्हातली बंद गाडी आतून ६० अंशांपर्यंतही जाऊ शकते, तेव्हा पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावतोच लावतो. काळ्या फिल्मचा विषय काकांनी काढला होता, पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर बंदी आणल्यापासून ट्रॅफिकवाल्यांच्या तावडीत कोण सापडणार. त्यापेक्षा झाडाखाली लावा, फक्त चिंचेच्या झाडाखाली नको, ते वेगळं दुखणं.

पावसाचं मात्र आम्हाला कुणी शिकवायला नको. जुलैमध्ये चार दिवस मी बाहेरगावी होतो, गाडी ओल्या ताडपत्रीखाली, आत ओला रेनकोट राहिलेला. आलो तर सीटच्या कडेला पांढरी लव, लोणच्यावर येते तशी. नशिबानं नवीन थर होता, बुरशी वरच होती. दारं उघडून आधी वाळू दिली, मोकळ्या हवेत कोरड्या ब्रशनं झाडली, पाणी घातलेल्या अल्कोहोलचं फडकं हलकं फिरवलं आणि लगेच पुसलं, मग एसी लावून अर्धा तास गाडी फिरवली. तेव्हापासून ताडपत्री बंद, पावसाळ्यात ओलं काहीही डिकीत, आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या सीटखाली.

आठ महिने झाले. खुरप्याचा कट सांगितल्याशिवाय कुणाला सापडत नाही, फक्त त्या कारागीर आजोबांना अण्णांनी मुद्दाम बोलावून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून सीटवरनं अंगठा फिरवला आणि दुसऱ्या सेकंदाला थांबले, "हितं." मागच्या मधल्या शिवणीच्या दोऱ्यात गुलाबी अजून आहे, दोरा रंग पिऊन बसलाय, तो नवीन दोऱ्यानं शिवल्याशिवाय जाणार नाही आणि आई त्याला हात लावू देत नाही. ड्रायव्हर सीटवर मात्र गेल्या आठवड्यात परत एक केसाएवढी रेघ दिसली, जिथं मी टाल्कम पावडर तीनच रात्री भरली होती तिथंच, तेल आत राहिलं असणार. अकराव्या ठिपक्याचा रंग अर्धी बाटली उरलाय, फ्रिजवर ठेवलाय. या रविवारी पेपर मारून बघतो.